आठ मिनिटं आणि सात डहाळ्या

मला अंतर विचारा! दुसरं काही विचारू नका. आमटीत मीठ किती, घरात कपबशा किती, यातलं मला काही सांगता यायचं नाही. पण माझ्या उंबऱ्यापासून जव्हारच्या दरबारकचेरीच्या पहिल्या पायरीपर्यंत पावलं किती? चौदाशे बारा! वहाणा नव्या असतील तर चौदाशे वीस, कारण नव्या वहाणा चावतात आणि पावलं आखूड पडतात.

मी मधुसूदन केळशीकर. जव्हार संस्थानच्या मोजणी खात्यात कारकून, हंगामी. हा 'हंगामी' शब्द सहा वर्षं माझ्या नावाला चिकटून बसला होता. अहो, आंबासुद्धा दोन महिने हंगामी असतो, मी सहा वर्षं! आमच्या कचेरीत कायम झालेला माणूस खुर्चीवर बसतो आणि हंगामी माणूस स्टुलावर. स्टुलाला पाठ नसते, त्यामुळे मलाही हळूहळू पाठ उरली नव्हती.

तर एकोणीसशे तेहतीस सालच्या चैत्रात कारभारीसाहेबांनी मला बोलावलं.

"केळशीकर, विमान पाहिलंय का?"

"चित्रात पाहिलंय, साहेब."

"आता खरं बघा. मुंबईचे बैरामजी शेठ स्वतःचं विमान घेऊन येतायत. दोन माणसांचं. आधी जव्हारला उतरणार, मग थंड हवेला सूर्यमाळेवर जाणार."

सूर्यमाळ म्हणजे मोखाड्याकडची, तेव्हाच्या इंग्रजी हद्दीतली. पण शेठनं तिथली परवानगी आधीच काढली होती. त्या कागदावर शिक्केच इतके होते की मधली अक्षरं शोधून वाचावी लागत.

"दोन्ही जागी विमानतळ हवा," साहेब म्हणाले. "हा शब्द हल्ली वर्तमानपत्रात येतो. विमानाचा तळ. आणि दोन तळांमधलं सरळ अंतर किती, उडायला वेळ किती, हेही शेठनं विचारलंय. जमेल?"

"साहेब! अंतर म्हटलं की हा केळशीकर..."

"जमलं तर कायम. खुर्ची देतो. नाही जमलं तर शाळेत एक जागा रिकामी आहे. बिगारीच्या वर्गाकडून पाढे म्हणवून घ्या."

मी छाती फुगवून बाहेर आलो. एक विमान, दोन तळ, एक अंतर! यात न जमण्यासारखं काय होतं?

जव्हारचा तळ दोन दिवसांत झाला. आमचं गावच पठारावर, सपाट जागेला तोटा नाही. अडचण आली सूर्यमाळेची. नकाशात त्या बाजूला नुसत्या डोंगराच्या केसाळ रेघा होत्या आणि पाडे कुठं आहेत याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात बाजारात पोश्या भेटला. सूर्यमाळेचाच माणूस, पन्नाशीचा, बांबूच्या टोपल्या विकायला आलेला.

"पोश्या, सूर्यमाळ इथून किती लांब रे?"

"लांब कुठं राव? सात डहाळ्या."

"सात काय?"

"डहाळ्या."

मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. पण तो अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत होता. घरून निघताना झाडाची एक हिरवी डहाळी तोडायची, खांद्यावर टाकायची आणि चालायला लागायचं. डहाळी सुकून मान टाकते तिथं एक डहाळी वाट झाली! तिथं बसायचं, विडी ओढायची, नवी डहाळी तोडायची आणि पुढं निघायचं.

माझ्या अंगावर शहाराच आला. सहा वर्षं मी अंतरं मोजत होतो, आणि माझ्याच डोंगरात हे असं माप होतं! मला प्रश्नांवर प्रश्न सुचायला लागले.

"अरे, पण कुठल्या झाडाची?"

"ते ज्याच्या त्याच्या पायावर. जांभळीची लवकर सुकत नाय. कुड्याची झटकन सुकते. पाय दुखत असले की कुड्याची घ्यायची, लवकर बसाया मिळतं."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसात डहाळी सुकतच नाय. म्हणून तर पावसात आम्ही लांब जात नाय."

मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. माझ्या खांद्यावर मोजणीची साखळी, पोश्याच्या खांद्यावर जांभळीची डहाळी. पहिल्याच उतारावर मी साखळी पसरली. पोश्या कौतुकानं बघत उभा राहिला.

"राव, ही कशाला?"

"मोजायला."

"मग ही सुकते कवा?"

"ही सुकत नाही रे! लोखंडाची आहे."

"मग बसायचं कवा?"

दुसऱ्या उतारावर साखळी एका करवंदीच्या जाळीत अशी अडकली की ती तिथंच सोडून द्यावी लागली, आणि मी मुकाट्यानं कुड्याची एक डहाळी तोडून खांद्यावर टाकली. वाटेत मी पोश्याला विमानाचं सांगितलं. त्यानं मान वर करून उन्हाकडे पाहिलं.

"राव, ते वरनं जाणार. म्हणजे उन्हाच्या जवळून."

"हो."

"मग त्याची डहाळी लवकर सुकंल. त्याला सूर्यमाळ आमच्यापेक्षा लांब पडंल बग!"

दीड दिवसानं आम्ही वर पोचलो. दुपारची वेळ. पाड्यावर पाणी मागितलं तर एका बाईनं अर्ध्या करवंटीत आणून दिलं आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. ही सुकरी. पाड्यावर तिचा शब्द चालायचा. केस पांढरे, पण मान ताठ. चाळीस वर्षं डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची मान.

"आणखी थोडं मिळेल का?" मी विचारलं.

"अर्धी डहाळी खाली दरीत झिरा आहे. जा, घेऊन ये," ती म्हणाली. "येताना आमचा पन हंडा आन."

या डोंगरात सगळ्यांना 'तू' म्हणतात. दरबारचा कारकून असो नाहीतर कोण असो. मी दरीत डोकावून पाहिलं. खाली बायकांची रांग झऱ्याशी बसली होती, वाटीवाटीनं पाणी भरत. मला एकदम तहान लागेनाशी झाली.

जागा मात्र झकास सापडली. पाड्याच्या वरच्या अंगाला उंबराजवळ एक लांबट माळ होता. सगळीकडे कातळ, पण माळाच्या मधोमध मऊ माती, आणि भर उन्हाळ्यात तिथं हिरवट गवत! म्हटलं, विमान कसं अलगद टेकेल! माळावरून जव्हारचं पठार दिसत होतं. मी कोन घेतला, नकाशावर जागा बसवली आणि दोरा ताणला. सरळ अंतर बारा मैल! शेठचं विमान ताशी नव्वद मैल जाणारं. म्हणजे वेळ किती? आठ मिनिटं! मी तीन वेळा गणित केलं. दीड दिवसाची पायपीट, सात डहाळ्या, आणि वरून आठ मिनिटं!

"आठ मिनिटं म्हंजे?" पोश्यानं विचारलं.

"एक विडी ओढून होते ना, तेवढा वेळ."

"मग वाटेत बोलायचं कवा?" पोश्याला शेठची कीव आली.

मग मी सगळा पाडा उंबराखाली जमवला आणि शिक्क्यांचा कागद उंच धरला. "ऐका! इथं सरकारच्या परवानगीनं विमानतळ करायचाय!"

कागद बघायला सगळे जवळ सरकले. सुकरी पुढं आली.

"या रानात कुदळ मारायची परवानगी आहे? कागदावर?"

"हे बघ, चार शिक्के!"

"आमी कितीदा मागितली. कागद नाय म्हणून कुदळ नाय." तिनं शिक्क्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे आता इथं तळं करायचं?"

"तळच! शेठ उतरणार ना इथं."

"उतरायला पायऱ्या लागतील."

मी म्हटलं, वा! मला सुचलं नव्हतं ते या बाईला सुचलं. विमान काही जमिनीला पोट लावून बसत नाही, शेठला उतरायला पायऱ्या नकोत? "लागतील की! लाकडाच्या चालतील."

"लाकूड कुजतं. दगडाच्या करू."

काय हा पाहुणचार! माझा ऊर भरून आला. मी हंड्याएवढी चुन्याची पिशवी सोडली आणि माळाच्या मधोमध, त्या मऊ मातीवर, वीस हात रुंद पांढरा गोल आखला. हा गोल वरून दिसला की शेठला कळणार, इथं उतरायचं. "हा गोल महत्त्वाचा! बाकी झाडंझुडपं, दगड काढून सगळं साफ करा, पण मुख्य काम या गोलाचं. कळलं?"

"कळलं," सुकरी म्हणाली. "आनि खोली किती ठेवायची?"

बघा, राहण्याचीही सोय विचारते! शेठ विमानानं येणार, आणि यंत्राचा मिस्त्री पायवाटेनं येणार. दोघांना एक खोली पुरे होती.

"खोली दोन पुरुषांची करा," मी म्हटलं. "ऐसपैस!"

"दोन पुरुष," सुकरीनं घोकून घेतलं. "तेवढ्यात होईल. मला वाटतं दीड पुरुषातच होईल."

दीड पुरुष कसा असतो, असं माझ्या मनात आलं होतं. पण म्हटलं, यांची मापं वेगळीच. डहाळीत चालणारी माणसं, दीड पुरुषही असेल!

मी जव्हारला परतलो आणि अहवाल लिहिला. 'सरळ अंतर बारा मैल. उड्डाणास लागणारा वेळ आठ मिनिटे. स्थानिक परिमाणानुसार सात डहाळ्या.' कारभारीसाहेबांनी शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. वीस दिवसांनी पोश्या बाजाराला आला आणि थेट कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"राव, झालं बग सगळं! खोली दोन पुरुष. पायऱ्या दगडाच्या. सुकरी म्हणते, शेठला आन, बघून जीव गार होईल."

मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं, "दोन्ही तळ तयार!" त्या दिवशी मी स्टुलावर बसलो नाही. म्हटलं, आता उगाच सवय कशाला ठेवायची?

विमान आलं तेव्हा जव्हार अख्खं पठारावर लोटलं होतं. बैरामजी शेठ उतरला. गोल चेहरा, डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगात कातड्याचा कोट. उतरल्याबरोबर त्यानं विचारलं, "अंतर कोणी मोजला?"

मी दोन पावलं पुढं झालो. अभिमानानं!

"तर तूच बस माझ्या मागे! आठ मिनिट म्हणतो ना तू? साला नऊ झाला तर वरूनच खाली सोडून देईन!"

सगळे हसले. मीही हसलो. मग कळलं की शेठ हसत नव्हता. दोघा शिपायांनी मला उचलून मागच्या भोकात बसवलं. मी कारभारीसाहेबांकडे पाहिलं, तर ते मला हात जोडून निरोप देत होते.

त्या आठ मिनिटांचं वर्णन मला करता यायचं नाही, कारण सहा मिनिटं माझे डोळे मिटलेले होते. मग घड्याळ बघायला एक उघडला. आणि बघतो तर काय! ज्या दरीत उतरून चढायला आम्हाला एक अख्खी डहाळी लागली होती, ती दरी खाली हाताच्या रेषेएवढी! भीती कुठं गेली कुणास ठाऊक. मी दुसरा डोळाही उघडला. मागं वळून साखळी अडकली होती ती जाळी शोधायला लागलो. इथं बसलो होतो, इथं पोश्यानं विडी पेटवली होती. डहाळी बरोबर आणायला हवी होती, वर किती वेळात सुकते ते कळलं असतं!

सात मिनिटं. साडेसात. आणि पुढं सूर्यमाळ!

"गोल दिसला!" शेठ ओरडला.

दिसला! माळाच्या मधोमध माझा गोल चमकत होता. मला धन्य वाटलं. पण चुना इतका चमकतो का? विमान खाली आलं. चुन्यात मला एक ढग दिसला. आणखी खाली आलं. चुन्यात आमचंच विमान दिसलं!

"केळशीकर!" शेठ किंचाळला. "साला हा तळ नाय, हा तलाव हाय!"

विमान असं काही उलटं वर गेलं की माझी टोपी सूर्यमाळेवर पडली. खाली अख्खा पाडा गोल धरून उभा होता आणि हात हलवत होता. बायकांच्या डोक्यावर हंडे होते. शेठनं दोन घिरट्या घातल्या, पण माळाच्या नेमक्या मधोमध वीस हात पाणी, उतरणार कुठं? आम्ही परत फिरलो. आठ मिनिटं.

जव्हारला उतरल्यावर शेठनं चष्मा काढला आणि कारभारीसाहेबांना म्हणाला, "अंतर एकदम बराबर! आठ जाताना, आठ येताना. फक्त उतरायला होडी पाहिजे होती!" आणि पोट धरून हसत सुटला. तो एक मोठ्या मनाचा माणूस. साहेब मात्र हसले नाहीत.

"केळशीकर, जा. पायी जा. तो खड्डा बुजवा. बुजवल्याशिवाय कचेरीत पाऊल टाकायचं नाही."

चौदाशे बारा पावलं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

मी एकटाच निघालो. सात डहाळ्या. वाटेत बसलो नाही, बोलायलाही कोणी नव्हतं. माळावर पोचलो तेव्हा सुकरी पायरीवर बसून हंडा घासत होती. माझी टोपी तिच्या शेजारी दगडावर धुऊन वाळत घातलेली.

"सुकरी! शेठची खोली कुठाय?"

"ही काय," तिनं पाण्याकडे बोट केलं. "दोन पुरुष. बांबू घालून बग."

बांबू पडलेला होता, मी खरंच घालून पाहिला. दोन पुरुष! पायऱ्या मोजल्या. अकरा, दगडाच्या. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो तळ, तिनं ऐकलं तळं. मी सांगितली राहायची खोली, तिनं खणली पाण्याची खोली. पुरुष म्हणजे मला शेठ आणि मिस्त्री, तिला विहिरीच्या खोलीचं माप, हात वर करून उभ्या माणसाएवढं. आणि खणायचं नेमकं कुठं, ते तर मीच चुन्यानं आखून दिलेलं!

"मी हे बुजवायला आलोय," मी म्हणालो. "नाहीतर माझी नोकरी जाते."

सुकरीनं हंडा बुडवला आणि करवंटी भरून माझ्या हातात दिली. काठोकाठ. पाणी इतकं गार होतं की दात कळवळले. मी पिऊन झाल्यावर तिनं न मागता पुन्हा भरून दिली.

"आधी पानी आणाया गेलं की अर्धी डहाळी जाताना, अर्धी येताना," ती म्हणाली. "हंडा घेऊन चढताना तर तीच एक होते. आता काल पोरीनं डहाळी तोडली, पानी भरून घरी आली, तर डहाळी हिरवीच. तिनं मला दाखवली, आये, ही सुकलीच नाय!"

कुदळ काठावर पडलेली होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सुकरी, खरं सांग. तुला खरंच कळलं नव्हतं, मी काय म्हणत होतो ते?"

तिनं हंडा डोक्यावर घेतला. "तू म्हणालास खोली दोन पुरुष. आमी दोन पुरुष केली. माप चुकलं का तुझं?"

"नाही," मी म्हणालो. "माप बरोबर आहे."

परत येताना मी मनातल्या मनात बेपासून पाढे म्हणून पाहिले. सतरापर्यंत येत होते. बिगारीला तेवढे पुरले असते. कचेरीच्या पहिल्या पायरीखालीच थांबलो आणि खालूनच ओरडलो, "साहेब, मी खड्डा बुजवला नाही! बुजवणारही नाही! शाळेत जातो!"

कारभारीसाहेब बाहेर आले. हातात कागदांचा गठ्ठा.

"वर या, केळशीकर. हे वाचा."

अकरा अर्ज होते. संस्थानातल्या अकरा पाड्यांचे, सगळे एकाच अर्जनवीसाच्या अक्षरात. 'आमचे पाड्यास एक विमानतळ मिळावा. खोली दोन पुरुष. पायऱ्या दगडाच्या.' एक अर्ज तर दाभोशाचा! अहो, दाभोशाला नदी आहे, आणि तरी विमानतळ हवा!

"तुम्ही गेलात त्याच दिवशी आले. दरबारात वर पाठवले," साहेब म्हणाले. "आज मंजूर होऊन आले. तुमचीही ऑर्डर आहे. कायम."

सहा वर्षं! मी हात पुढं केला. मग हळूच आत डोकावलो. माझ्या जागी स्टूल नव्हतं. पण खुर्चीही नव्हती.

"साहेब, खुर्ची?"

"खुर्ची कशाला? अकरा विमानतळ आखायचेत, प्रत्येकाचं दुसऱ्यापासून अंतर मोजायचंय. बसायला वेळ कुठाय तुम्हाला?"

मी ऑर्डर खिशात घातली, चुन्याची पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. कचेरीमागच्या कुंपणाशी थांबून इकडंतिकडं कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि एक डहाळी तोडून खांद्यावर टाकली. अर्थातच कुड्याची! बसायचं तर होतंच ना कुठंतरी.